पाकिटाच्या जागी बेलाचं पान

१

डब्यात पाकीट नव्हतं. पाकिटाच्या जागी बेलाचं एक पान होतं आणि पानावर चिमूटभर भंडारा, देवाची पिवळी हळद.

अनसाबाई गडद्यांनी ते पान पदराच्या टोकाला बांधलं आणि न्हावऱ्याहून पहिली एसटी धरून शिरूर गाठलं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत वकील धनश्री दसगुडे यांचं ऑफिस आहे. धनश्रीताई कुलूप उघडायला आल्या तेव्हा म्हातारी पायरीवर बसलेली होती. सत्तरी ओलांडलेली, काटक. चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

"चपला घालून या आत, अनसाआत्या. फरशी गार आहे."

"तुमच्या हापिसात देवाचा फोटू हाय. ऱ्हाऊ द्या."

आत बसल्यावर तिनं गाठ सोडली आणि पान टेबलावर ठेवलं.

"आबाचं मृत्युपत्र गेलं. देव्हाऱ्यातल्या डब्यात व्हतं. तेरावं उरकलं, घर सारवलं, देव धुवायला काढलं, तर डब्यात ह्ये."

आबा गडदे म्हणजे अनसाबाईंचे थोरले भाऊ. तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. पुढे मेंढरं विकून त्यांनी न्हावऱ्यात जमीन घेतली, घर बांधलं आणि एका जागी राहिले. अनसाबाईंना नवऱ्यानं टाकलं, तेव्हा आबांनीच बहिणीला परत आणलं. आबांची बायको लवकर गेली. त्यांचा एकुलता एक मुलगा संपत, त्याला अनसाबाईंनीच वाढवलं. संपत आता शिक्रापूरला असतो. तिथं त्यानं खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या आहेत.

मरण्याच्या थोडे दिवस आधी आबांनी मृत्युपत्र केलं होतं. घर आणि घराला लागून असलेलं एक एकर रान बहिणीला, बाकी सगळं मुलाला.

"कागद न्हाई सापडला तर?" अनसाबाईंनी विचारलं.

धनश्रीताई वकिली सुरू करण्याआधी प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. अवघड गोष्ट त्या घाईनं सांगत नसत. "कागद नसेल तर कायदा वारस शोधतो," त्या म्हणाल्या. "मुलगा जिवंत असताना बहिणीला वाटा नाही. मग घरही संपतचं आणि रानही संपतचं."

"आन् मी?"

धनश्रीताईंनी पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"संपतचं नाव घिऊ नका," म्हातारी म्हणाली. "त्याला मी न्हाऊ घातलंय." मग म्हणाली, "पर तुम्ही घेणारच. वकील हाय तुम्ही."

धनश्रीताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. या भागात माणसाला खरंखोटं करायचं असलं की तो बेल-भंडारा उचलतो. एकदा तो हातात घेतला की खोटं बोलायचं नाही. चोर कागद नेतो आणि पळतो. हा चोर कागद नेऊन त्या जागी शपथ ठेवून गेला होता.

२

दुपारी धनश्रीताई स्कूटरवरून न्हावऱ्याला गेल्या. घर लहान आणि स्वच्छ होतं. समोर ओटा, ओट्यावरून आत जायला एकच दार. आतल्या खोलीत दारासमोर आबांची खाट, अजून हलवलेली नव्हती. खाटेच्या बाजूच्या भिंतीत देव्हारा आणि त्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देवांचे टाक. टाकांमागे पत्र्याचा डबा.

आत जाताना त्यांची नजर वर गेली. चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन खिळे होते आणि एका खिळ्याला काळ्या लोकरीचे दोन-तीन धागे अडकले होते. तोरणाचे असतील, असं म्हणून त्या पुढे गेल्या.

"सही झाली त्या दिवशी कोण कोण होतं?"

"आबा, मी, अयुबभाई आन् शेजारचा माऊली. अयुबभाईनंच शिरूरवरनं कागद टाईप करून आणला व्हता. मी चहा केला. आबाला आन् अयुबभाईला आत दिला. माऊलीचा कप वट्यावर ठेवला."

पुढे काही विचारणार, तोच बाहेर मोटरसायकल थांबली. संपत आत आला. चाळिशीचा, हातात दोन मोबाईल.

"मॅडम, मला सरळ सांगा. विल नसंल तर मॅटर क्लोज ना?"

"तुझ्यासाठी क्लोज," धनश्रीताई म्हणाल्या. "आत्यासाठी नाही."

"आत्याला मी काय रस्त्यावर टाकतोय का? माझ्याकडं रूम हाय. नळ हाय, लाईट हाय. इथं एकटी काय करणार ही? पडली-बिडली तर मला फोन कोण करंल?"

"विंचू करंल," अनसाबाई म्हणाल्या. "लई हायेत इथं."

संपतला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. "वारस नोंदीचा अर्ज मी तलाठ्याकडं दिलाय. आन् एक सांगून ठिवतो, लपवत न्हाई. प्लॉटिंगवाल्याबरोबर इक्रीचं साठेखत झालंय. घरासकट."

अनसाबाईंनी मान खाली घातली. हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

"पाकीट तू घेतलंस का?" धनश्रीताईंनी विचारलं.

"घेतलं असतं तर फाडून टाकलं असतं. पान कशाला ठेवू? आन् देव्हाऱ्याला हात कवा लावणार? सुतक व्हतं आम्हाला. ह्या बयेनं तेरा दिवस मला तिकडं बघूसुदिक दिलं न्हाई."

"मग देवाला दिवा कोण लावत होतं?"

"माऊली. तो हाके, आमच्या भावकीतला न्हाई. त्याला कुठलं सुतक?"

धनश्रीताईंना तेव्हा एक सकाळ आठवली. आबा गेल्यावर त्या सांत्वनाला आल्या होत्या. ओट्यावर माणसं बसली होती आणि संपतनंच विचारलं होतं, "प्रोबेट म्हंजी काय असतं, मॅडम?" त्यांनी चहाचे तीन रिकामे कप घेतले आणि शाळेत मणी मांडावेत तसे मांडले. हा कप मृत्युपत्र करणारा. हे दोन साक्षीदार. करणाऱ्यानं साक्षीदारांसमोर सही करायची आणि साक्षीदारांनी करणाऱ्यासमोर. मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टानं तपासून शिक्का मारून दिलं की झालं प्रोबेट. आपल्या भागात ते घेतलंच पाहिजे असं नाही. पण वारसानं हरकत घेतली तर शेवटी कोर्टातच जावं लागतं, आणि तिथं साक्षीदाराला शपथेवर सांगावं लागतं की सही कुणासमोर झाली.

सगळे कपांकडे बघत होते. दारात एक माणूस हातात निरांजन घेऊन उभा होता. तोही बघत होता. ज्योत विझली तरी त्याला कळलं नव्हतं.

३

अयुबभाईंचं गाद्यांचं दुकान शिरूरच्या जुन्या बाजारात आहे. एके काळी ते आबांकडून लोकर घ्यायचे. व्यवहार बंद झाला, तरी दोस्ती राहिली. धनश्रीताई गेल्या तेव्हा ते कापसाच्या ढिगात बसले होते. भुवयांवरही कापूस होता.

"बसा ताई. गादीवरच बसा, खुर्ची मोडकी हाय."

"सहीच्या दिवसाचं सांगा, अयुबभाई."

"सांगतो की. मी आबाच्या उशाशी बसलो व्हतो. आबानं सही केली ती मी बघितली. मग मी केली ती आबानं बघितली. म्हणाला, अयुब, तुझी सही म्हंजी मेंढीनं पाय पुसल्यावानी. मरायला टेकला व्हता, पर जीभ तशीच."

"आणि माऊलीनं?"

"त्यानंबी केली."

"कुठं?"

अयुबभाईंनी कापूस उचलला, पिंजला, पुन्हा ठेवला. "कागदावर."

"कागदावरच करतात. कागद कुठं होता?"

"ताई, त्या दिवशी आबाला धाप लागत व्हती. माझं ध्यान त्याच्याकडं. मग कागद पाकिटात घालून आबाच्या सांगण्यावरनं मीच डब्यात ठेवला. अनसाबाई म्हणाली, अयुबभाई, हात धुवा आन् ठेवा. मी धुतलं."

"नंतर तो डबा तुम्ही उघडलात?"

"आबा गेल्यावर मी त्या खोलीत पाय ठेवला न्हाई. बाहेर बसून यायचो. आत रिकामी खाट दिसायची."

धनश्रीताईंनी मनातल्या मनात एक नाव पुसलं. बेल-भंडारा ठेवून शपथ घेण्याची रीत अयुबभाईंच्या घरातली नव्हती, आणि हा माणूस खोटं बोलताना कापसाकडे बघतो, हे त्यांनी आत्ताच पाहिलं होतं. डब्याचं सांगताना मात्र तो सरळ त्यांच्याकडे बघत होता.

"माऊली कुठं भेटेल?"

"दौंडला. नातू झालाय त्याला. सूनबाई तिकडं माहेरी, तिला आन् बाळाला आणायला गेलाय."

त्या उठल्या. पायरी उतरताना मागून अयुबभाईंनी हाक मारली.

"ताई, एक इचारू? साक्षीदारानं कोर्टात किती खरं बोलायला लागतं?"

४

दौंडला रेल्वे लाईनच्या पलीकडे, माऊलीच्या व्याह्यांच्या दोन खोल्या होत्या. माऊली हाके दारात बसून नातवाला मांडीवर हलवत होता. साठीचा माणूस, डोक्याला पांढरा पटका. धनश्रीताईंना बघून त्यानं बाळ उराशी घट्ट धरलं.

"नाव काय ठेवलं?"

"रुद्र. मला त्ये नीट म्हणता येत न्हाई. मी नुसतं बाळ्या म्हणतो."

"किती दिवसांचा झाला?"

"सव्वा महिना सरला कालच. म्हणून तर न्यायला आलोय."

धनश्रीताई शेजारी खाली बसल्या. त्यांनी बाळाचं बोट हातात धरलं. मग म्हणाल्या, "माऊली, मी बोलते. चुकलं तर थांबवा. घरातल्यांना सुतक होतं, त्यांनी देव्हाऱ्याला हात लावला नाही. अयुबभाई आत गेले नाहीत. राहिला एकच माणूस, जो रोज दिवा लावायला आत जात होता. त्यानं पाकीट नेलं, पण नेताना देवाजवळ बेल-भंडारा ठेवला, म्हणजे कागदाचं वाईट करणार नाही अशी शपथ घेतली. हे मला लवकर कळलं. का नेलं, ते कळत नव्हतं. आता बाळाचं वय ऐकलं आणि तेही कळलं."

माऊलीनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"सही झाली तेव्हा बाळ चार-पाच दिवसांचं होतं. बाळ इथं, पण नातू तुमचा. तुमच्या घराला सोयर होती. सोयर असलेला माणूस देवाच्या खोलीत जात नाही. म्हणून तुमचा चहा ओट्यावर आला. आणि सहीसाठी कागदही ओट्यावरच आला. आबा गेले तोवर सोयर फिटली होती, म्हणून दिवा लावायला तुम्ही आत जाऊ शकलात."

माऊलीनं बाळाला सुनेच्या हाती दिलं. बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढून त्यानं धनश्रीताईंच्या पायाजवळ ठेवलं. घामानं ते मऊ झालं होतं.

"अयुबनं बाहेर आणून दिलं. मी दुधाच्या किटलीच्या झाकणावर ठिवून सही केली. मला काय म्हाईत, बाई? पोलिओच्या कागदावर करतो, सोसायटीच्या कागदावर करतो, तशी केली. मग तुम्ही त्या दिवशी तीन कप मांडलं. एक आबा, दोन साक्षीदार. म्हणालात, समोर करायची. मी दिवा घिऊन उभा आन् मला दिसतंय की माझा कप वट्यावर व्हता."

"म्हणून चोरलं."

"कोर्टात उभं केलं आन् भंडारा उचलून खोटं बोललो तर ह्या बाळ्याच्या डोक्यावर बसंल. खरं बोललो तर आत्याचं घर जाईल. कागदच न्हाई म्हटल्यावर मला कोण इचारणार? चुलीत घालाया बसलो व्हतो. वर आबाची सही दिसली. न्हाई झालं." त्यानं पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसले. "कवा सांगायचं, कुणाला सांगायचं, कळंना. अंगावरच वागवला."

कप आपणच मांडले होते, हे धनश्रीताईंच्या मनातून जात नव्हतं. शिकवलेलं माणसाला इतकं लागेल, असं शिकवताना कुठं वाटतं. पण याच वेळी त्यांना एक फट दिसली.

"माऊली, नीट आठवा. कायदा एकाच खोलीत बसा असं म्हणत नाही. समोर म्हणजे, आबांना बघायचं असतं तर तुम्ही सही करताना दिसला असतात का? तेवढं पुरतं. दार उघडं होतं?"

"उघडंच. दिवसाचं दार कोण लावतंय?"

"आणि आबांची खाट?"

"दाराच्या म्होरंच."

"चला न्हावऱ्याला," धनश्रीताई म्हणाल्या. "अयुबभाईंनाही बोलवा."

५

अनसाबाईंनी पाकीट बघितलं, माऊलीकडे बघितलं. तो ओट्याखाली हात जोडून उभा होता.

"चोरा," त्या म्हणाल्या, "एवढे दिवस भाकरी गिळली कशी रं तुला? चल, बस. चहा ठिवते."

धनश्रीताई सरळ आत गेल्या आणि आबांच्या खाटेवर आडव्या झाल्या. अनसाबाईंना ते आवडलं नाही.

"माऊली, त्या दिवशी बसला होतात तिथं बसा. अयुबभाई, तुम्ही कागद दिलात तिथं उभे राहा."

उशीवरून दार दिसत होतं. दारातून ओटा दिसत होता. ओट्यावर माऊलीचा पांढरा पटका, त्याचा वाकलेला खांदा, गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात. बोटंसुद्धा मोजता आली असती.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "सगळं दिसतंय."

अयुबभाईंनी ओट्यावरच बसकण मारली. माऊलीनं पटका काढला, पुन्हा बांधला. सगळ्यांच्या अंगातलं काहीतरी सैल झालं. अनसाबाईंनी चहात वेलदोडा टाकला, त्याचा वास आला. धनश्रीताई पडल्या पडल्या सांगत होत्या: प्रोबेटचा अर्ज करू, कोर्ट सगळ्या वारसांना नोटीस काढतं, पेपरात छापतं, संपतनं हरकत घेतली तर दावा चालतो, मग साक्षी. वेळ लागेल. पण आपल्याकडं दोन साक्षीदार आहेत आणि दोघांना खरंच बोलायचं आहे.

बोलता बोलता त्यांची नजर दाराच्या चौकटीवर गेली. दोन खिळे. एका खिळ्याला काळे धागे.

त्या उठून बसल्या.

"आत्या, हे खिळे कशाचे?"

"त्ये व्हय?" अनसाबाई कप घेऊन आल्या. त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमान होता. "त्याच दिवशी मारलं. माऊलीला सोयर. त्यो वट्यावर आला आन् समोर उघडं दार, आत देव. त्याची सावली आत पडायची. मी म्हटलं, आबा शुभ काम करतोय, देवाला इटाळ नको. मंग मी आबाचं घोंगडं आणलं आन् दारावर टांगलं. पार खालपोतर. अयुबभाईला सोयर न्हाई, सुतक न्हाई, त्यो आत-भायेर करत व्हता. माऊलीला मातुर मी आतलं काईच दिसू दिलं न्हाई."

कुणीच कप घेतला नाही.

"काय झालं?" अनसाबाईंनी विचारलं. "काय चुकलं का माझं?"

धनश्रीताईंनी अनसाबाईंच्या हातातला एक कप घेतला आणि खाटेवर ठेवला. दुसरा नेऊन ओट्यावर ठेवला. मग आपला पदर हातात धरून दोन्ही कपांच्या मधे आडवा ताणला. शाळेत ज्या आवाजात शिकवायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, "आत्या, खाटेवरचा कप आबा. त्यांना ओट्यावरचा कप दिसतो का?"

म्हातारी खाटेजवळ वाकली. पदराकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"तुम्ही दाराचं इचारलं, घोंगड्याचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई," माऊली हळूच म्हणाला. "पर आबा आतनं म्हणाला व्हता, केलीस का रं, माऊली? मी म्हटलं, केली."

"आवाजावर भांडता येईल," धनश्रीताई म्हणाल्या. "मी भांडेनही. पण जिंकू असं मी सांगणार नाही. आणि निकाल लागेपर्यंत कितीतरी वर्षं जातील."

अयुबभाई उठून आत आले. "ताई, घोंगड्याचं कुणाला ठाव हाय? आपण चौघं. मला उभं करा. मी सांगतो, दार उघडं व्हतं. त्ये खरंच हाय. घोंगड्याचं कुणी इचारणारच न्हाई. एक वाक्य गाळायचं, एवढंच."

"मला माहीत असताना मी तुम्हाला असं उभं करू शकत नाही," धनश्रीताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पुरता निघाला नाही. त्यांनी अनसाबाईंकडे बघितलं.

माऊली भिंतीला टेकला होता. तोही घोंगड्याचं गाळायला तयार झाला असता, तर आता त्याला कुणी अडवलं नसतं. तो फक्त म्हातारीच्या तोंडाकडे बघत होता.

"नको," अनसाबाई म्हणाल्या. "देवाला इटाळ नको म्हणून तर घोंगडं टांगलं. आता त्याच्याच म्होरं खोटं बोलायचं व्हय?" त्यांनी ओट्यावरचा कप उचलून माऊलीच्या हातात दिला. "पी. गार झाला."

६

एकच वाट उरली होती. संपतनं मनानं मान्य केलं असतं तर कोर्टाची गरजच नव्हती.

धनश्रीताईंनी त्याला शिरूरला बोलावून कागद वाचायला दिला. त्यानं उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवला. शेवटी आबांची सही होती, वाकडी, रेघेखाली घसरलेली. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"आबानं मला सांगितलं असतं तर..." तो म्हणाला.

"तर?"

त्यानं कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली. "तर साठेखताआधी सांगितलं पायजे व्हतं. आता त्यो माणूस मला सोडतोय का? मॅडम, मी वाईट न्हाई."

"मी तसं म्हटलं नाही."

"आत्याबी म्हणत न्हाई. त्याचाच तर तरास हाय."

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. सामान थोडं होतं. अनसाबाईंनी देव स्वतःच्या मांडीवर घेतले.

काही दिवसांनी धनश्रीताई शिक्रापूरला गेल्या. मृत्युपत्राचं पाकीट त्यांच्याकडेच राहिलं होतं. महामार्गाला लागून तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एका रांगेत खोल्या, समोर अरुंद गॅलरी. खाली ट्रकांची रांग. रात्रपाळीची पोरं गॅलरीत दात घासत होती, कुणी हिंदीत फोनवर बोलत होतं. शेवटची खोली अनसाबाईंची. दार उघडलं की थेट भिंतीतल्या फळीवरचे देव दिसत होते.

"या, वकीलबाई. चपला घालूनच या, फरशी लई घाण करत्यात पोरं." मग लगेच म्हणाल्या, "न्हाई, काढा. देव हाय."

पाकीट त्यांनी हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवलं. डब्यात ते बेलाचं पान परत ठेवलेलं होतं, वाळून काळपट झालेलं.

"माऊलीला म्हणावं, तुझा बेल सांभाळलाय. आन् बाळ्याला घिऊन ये म्हणावं."

"सांगते. आणि अजून एक, आत्या. मी कोर्टात अर्ज करायचा का, ते तुम्ही मला सांगितलं नाही."

"कुणाच्या इरोधात? संपतच्या?" त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "त्यो रोज संध्याकाळी येतो. बसतो. काय बोलत न्हाई. जाताना इचारतो, काय पायजे का."

तेवढ्यात संपत आलाच, हातात हातोडी घेऊन. सकाळी आत्यानं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. दोन खिळे. सगळी पोरं गॅलरीतून येता-जाता आत बघतात, देव उघड्यावर पडतो, एवढंच तिनं सांगितलं होतं. संपतनं स्टुलावर चढून चौकटीच्या दोन कोपऱ्यांत खिळे ठोकले. धनश्रीताईंनी वर बघितलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "टांग."

अनसाबाईंनी ट्रंकेतून काळं घोंगडं काढलं.

धनश्रीताई गॅलरीत येऊन चपला घालत होत्या, तेव्हा मागं घोंगडं पार खालपर्यंत उतरलं. खालून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"येते मी, आत्या."

"या," आतून आवाज आला. अगदी जवळून, स्पष्ट. दिसलं मात्र काहीच नाही.